सहा फुटांचं रेडिओ केंद्र

"अहो, सुरूरच्या फाट्यापर्यंत गाणी झकास वाजत होती. कात्रज ओलांडलं आणि नुसती खरखर! मधूनच कुणीतरी जाहिरात बोलायला लागतं. यंत्र बिघडलं का?"

साताऱ्याहून पुण्याला जुन्या गाडीने येणाऱ्या माणसांकडून हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. प्रश्नातलं यंत्र म्हणजे गाडीच्या चार्जिंग सॉकेटमध्ये खुपसायचा तो बोटभर डबा. दुकानदार त्याला एफएम ट्रान्समीटर म्हणतात, काही जण मॉड्युलेटर म्हणतात. फोन ब्लूटूथने जोडायचा, डब्यावर एक आकडा लावायचा, तोच आकडा गाडीच्या रेडिओवर लावायचा, की फोनमधलं गाणं गाडीच्या स्पीकरमधून वाजू लागतं. गावाकडच्या रस्त्यावर ते छान वाजतं आणि शहराजवळ आलं की बिघडतं. यंत्र मात्र बहुतेक वेळा ठणठणीत असतं. मग होतं काय?

१. रेडिओला एकच दार

जुन्या गाडीच्या रेडिओला फोन जोडायला भोक नसतं, ब्लूटूथही नसतं. बाहेरचा आवाज आत घ्यायला त्याच्याकडे एकच दार आहे, ते म्हणजे टपावरची किंवा मागच्या काचेतली अँटेना. हा डबा त्या दाराने आत शिरतो. तो एक छोटं रेडिओ केंद्र आहे. फोनकडून ब्लूटूथने गाणं घ्यायचं, ते एफएमच्या लाटेवर बसवायचं आणि लाट हवेत सोडून द्यायची, एवढंच त्याचं काम. अँटेना ती लाट पकडते. लाट डोंगरावरच्या मनोऱ्यावरून आली की गिअरच्या दांड्याशेजारून निघाली, हे रेडिओला कळत नाही.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. गीतरामायण १९५५ साली पुण्याच्या आकाशवाणी केंद्रासाठी तयार झालं. त्याची ५६ गाणी आधी रेडिओवरून महाराष्ट्रभर गेली आणि नंतर तबकड्या, कॅसेट, सीडी करत फोनमध्ये येऊन बसली. आज कुणी जुन्या गाडीत हा डबा लावून ती ऐकतो, तेव्हा ती पुन्हा रेडिओच्याच लाटेवर बसून येतात. फरक एवढाच, की तेव्हाच्या लाटेला शेकडो मैल जायचं होतं आणि आताच्या लाटेला सहा फूट.

२. ९८.३ हा कशाचा आकडा?

रेडिओच्या पडद्यावर ९८.३ दिसतं, त्याचा अर्थ ९८.३ मेगाहर्ट्झ. मेगा म्हणजे दहा लाख आणि हर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक कंप. आपल्या भाषेत सांगायचं तर त्या केंद्राची लाट सेकंदाला ९ कोटी ८३ लाख वेळा थरथरते. ९१.१ चं केंद्र ९ कोटी ११ लाख वेळा. ही लाट कानाला ऐकू येत नाही. आपला कान सेकंदाला वीस हजार कंपांच्या पुढचं काही ऐकत नाही.

लाटेची लांबीही काढून पाहू. रेडिओची लाट प्रकाशाच्या वेगाने जाते, म्हणजे सेकंदाला तीस कोटी मीटर. सेकंदात दहा कोटी लाटा निघत असतील (रेडिओवर १००), तर प्रत्येकीच्या वाट्याला येतात तीन मीटर. लाटेच्या पाव लांबीचा दांडा ती लाट चांगली पकडतो. तीन मीटरचा पाव म्हणजे पंचाहत्तर सेंटीमीटर. जुन्या गाडीची लांब, ओढून काढायची अँटेना टेपने मोजून पाहा, साधारण एवढीच भरेल.

३. लाटेवर गाणं कसं बसतं?

लाट तर एकसारखी थरथरत असते. मग त्यात गाणं कुठे असतं?

जुन्या मीडियम वेव्हच्या रेडिओत ते लाटेच्या ताकदीत असायचं. सूर जोरकस झाला की लाट मोठी, हळू झाला की लहान. त्यात एक मोठी अडचण होती. पावसाळ्यात वीज चमकली, शेजारी मिक्सर लागला, शेताच्या मोटरचा स्टार्टर दाबला, की लाटेच्या उंचीत तेही मिसळायचं आणि गाण्यात कडकड यायची.

आता कल्पना करा, समोरच्या डोंगरावर कुणीतरी एका सुरात शिट्टी वाजवतोय. वारा आला की शिट्टी मोठी-बारीक ऐकू येईल, पण तिचा सूर वाऱ्याने बदलणार नाही. तो माणूस मुद्दाम सूर किंचित वर-खाली करून आपल्याला निरोप देत असेल, तर वाऱ्यातही तो निरोप नीट पोचेल. एफएममध्ये हेच करतात. लाटेची उंची तशीच ठेवतात आणि तिची थरथर किंचित जलद-मंद करतात.

किती किंचित? ९८.३ च्या केंद्राची लाट सेकंदाला ९ कोटी ८३ लाखांवर असते. गाण्याबरोबर ती जास्तीत जास्त पंचाहत्तर हजारांनी वर जाते आणि तेवढीच खाली येते. म्हणजे ९ कोटी ८२ लाख २५ हजार ते ९ कोटी ८३ लाख ७५ हजार, एवढ्या अंगणात तिचा झोका चालतो. गायकाने काळी एकमधला मधला सा लावला, तर तो सूर सेकंदाला साधारण २७७ कंपांचा असतो. मग लाटेचा झोकाही सेकंदाला २७७ वेळा इकडून तिकडे जातो. सा मोठ्याने लावला तर झोका लांब जातो, हळू लावला तर आखूड. झोके किती वेळा होतात, त्यातून सूर कळतो. झोका किती लांब जातो, त्यातून आवाजाचा जोर कळतो. एवढं ध्यानात ठेवा, पुढे फोनचा आवाज किती ठेवायचा हे ठरवताना लागेल.

ही युक्ती व्यवहारात उतरवली अमेरिकन अभियंता एडविन आर्मस्ट्राँग याने. २६ डिसेंबर १९३३ रोजी त्याला तिची पेटंटं मिळाली. नोव्हेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्कला अभियंत्यांच्या सभेत त्याने ती सर्वांसमोर ऐकवली. दूरच्या केंद्रात पेल्यात पाणी ओतलं, कागद चुरगळला आणि सभागृहातल्या लोकांना पाण्याची धार आणि कागदाची चुरचुर स्वच्छ ऐकू आली. रेडिओत इतका निःशब्दपणा असू शकतो, हे त्यांच्या कानांना नवं होतं. आपल्याकडे पहिलं एफएम प्रसारण मद्रासहून २३ जुलै १९७७ ला झालं. खासगी केंद्रं २००१ मध्ये सुरू झाली आणि गाडीतल्या रेडिओवर गर्दी होऊ लागली ती त्यानंतर.

४. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत

एफएमच्या रेडिओचा एक स्वभाव आहे, आणि आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात दडलं आहे. एकाच आकड्यावर दोन केंद्रं आली, तर मीडियम वेव्हचा रेडिओ दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून ऐकवतो. एफएमचा रेडिओ तसं करत नाही. ज्याची लाट जोरदार, त्याला तो धरतो आणि दुसऱ्याला जवळजवळ पूर्ण दाबून टाकतो. दोघांचा जोर सारखाच असेल, तर क्षणात हा, क्षणात तो, आणि मधे खरखर. टोलनाक्यावर रांगेत उभं असताना आपल्या गाडीत मधेच भलतंच भजन वाजू लागतं, त्याचं कारणही हेच. शेजारच्या गाडीतला डबा त्याच आकड्यावर असतो आणि त्या क्षणी त्याची लाट आपल्या अँटेनाला जास्त जोराने भिडते.

कात्रजला काय होतं, त्याचा आता हिशेब मांडू.

या डब्यांची ताकद फार कमी ठेवलेली असते. युरोपात कायद्याने घातलेली मर्यादा आहे ५० नॅनोवॅट, म्हणजे एका वॅटचा दोन कोटीवा भाग. शहरातलं केंद्र समजा १० किलोवॅटचं आहे, म्हणजे दहा हजार वॅटचं. दोघांच्या ताकदीत फरक किती? वीस हजार कोटी पट.

पण डबा अँटेनापासून दोन मीटरवर आहे आणि केंद्र समजा वीस किलोमीटरवर. अंतर दहा हजार पट झालं. लाट जशी पुढे जाते तशी पसरत जाते. अंतर दुप्पट झालं की तिचा जोर चौथाई होतो, तिप्पट झालं की नवव्या हिश्श्यावर येतो. या नियमाने दहा हजार पट अंतरावर जोर दहा हजार गुणिले दहा हजार, म्हणजे दहा कोटी पटीने घटतो. वीस हजार कोटीला दहा कोटीने भागा. उरतात दोन हजार. वीस किलोमीटर दूर असूनही ते केंद्र आपल्या मांडीशेजारच्या डब्यापेक्षा दोन हजार पट जोराने अँटेनावर आदळतं. त्यात आपला डबा पत्र्याच्या आत आणि अँटेना टपावर, म्हणजे आपल्या लाटेला आणखी अडथळा.

हाच हिशेब उलटा केला की आकडा आणखी चकित करतो. मधे काहीच आड येत नसेल, तर या दोघांची बरोबरी व्हायला ते केंद्र जवळजवळ नऊशे किलोमीटर दूर असावं लागेल.

५. मग घाटापलीकडे कसं वाजतं?

कारण मधे आडवं येणारं बरंच काही असतं. एफएमच्या लाटा साधारण नजरेसारख्या सरळ जातात. डोंगर आड आला की त्या अडतात, आणि डोंगर नसला तरी पृथ्वीची गोलाई आड येतेच. मनोरा किती लांब दिसतो याचा ढोबळ हिशेब सोपा आहे. मनोऱ्याच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा आणि चाराने गुणा, किलोमीटर मिळतात. शंभर मीटर उंचीला चाळीस किलोमीटर, चारशे मीटरला ऐंशी. प्रसारणाचे मनोरे डोंगरावर का बांधतात ते यावरून कळेल. सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा पुण्यातल्या अनेक गच्च्यांवरून दाखवता येतो.

सह्याद्रीत आपला डबा डोंगरांच्या आडोशाला असतो. खंबाटकीच्या दक्षिणेला पुण्याच्या मनोऱ्यांची लाट पोचता पोचता विरते आणि आपली सहा फुटांची लाट तिथे निवांत राज्य करते. कात्रजचा डोंगर मागे टाकला की सगळे मनोरे एकदम समोर उभे राहतात.

याचा पुरावा वाटेतच मिळतो. शहराची लाट जिथे डब्यावर मात करू लागली आहे, तिथून नव्या कात्रज बोगद्यात शिरा. तोंडाशी जाहिरातीचा आवाज फाटू लागतो, थोडं आत गेलं की तो पार विझतो आणि आपलं गाणं लख्ख ऐकू येतं, तालात, एकदाही न अडखळता. पलीकडच्या उजेडात आलात की ओढाताण पुन्हा सुरू. बोगद्याच्या दगडाने बाहेरची लाट अडवली, आतली लाट गाडीबरोबरच होती. बोगद्यात गाणं नीट वाजलं, तर डबा चांगला आहे. दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

६. रिकामी जागा शोधायची कशी?

दोन हजार पट जोराच्या लाटेशी लढून जिंकता येत नाही. ती जिथे नाही तिथे जाऊन बसायचं. या डब्याचा सगळा उपयोग या एका कामावर अवलंबून आहे, आणि लोक नेमका तिथेच कंटाळा करतात. डब्यावर कंपनीने जो आकडा लावून दिलेला असतो, तोच वर्षानुवर्षं ठेवतात.

गाडी उभी करा. डबा काढून ठेवा. रेडिओवर ८७.५ पासून एकेक पायरी वर चढत जा आणि कान देऊन ऐका. केंद्र लागलं तर ते सोडा. अस्पष्ट बोलणं, लांबचं गाणं, धडधड ऐकू आली तर तेही सोडा. आपल्याला हवी आहे सपाट, एकसारखी, पावसासारखी खरखर. तिच्यात चढउतार नको, पलीकडून कुणाची कुजबुज नको. अशी जागा मिळाली की तिच्या एक पायरी खाली आणि एक पायरी वरही ऐका. तिथेही तशीच खरखर असेल, तर आकडा लिहून ठेवा.

आता डबा लावा, त्यावर तोच आकडा ठेवा, पण गाणं सुरू करू नका. रेडिओचा आवाज थोडा वाढवा. जागा चांगली असेल तर खरखर चाकूने कापावी तशी थांबेल आणि पूर्ण शांतता होईल. आर्मस्ट्राँगच्या श्रोत्यांनी ऐकली ती हीच शांतता. डब्याची गाणं नसलेली लाट रेडिओने घट्ट धरली, असा तिचा अर्थ. खरखर फक्त कमी झाली आणि मागे सूं-सूं उरली, तर दुसरा आकडा पाहा.

एक उदाहरण घेऊ. मुंबईत ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३ अशी केंद्रं रांगेने आहेत. प्रत्येक दोघांत ०.८ चं अंतर. मधली जागा, म्हणजे ९१.५, रिकामी आहे. तिथे बसावं का? कागदावर जमतं. एका केंद्राच्या झोक्याला ०.१ च्या आसपास अंगण दोन्ही बाजूंना पुरतं. पण दोन्हीकडचे शेजारी बलाढ्य, आपला डबा दुबळा, आणि गाडीतल्या साध्या रेडिओची चाळणी तितकी बारीक नसते. शेजाऱ्याचा आवाज भिंतीतून झिरपतो. म्हणून मोठ्या शहरात दोन केंद्रांमध्ये एक-दीड मेगाहर्ट्झची मोकळी पट्टी सापडते का ते पाहावं आणि तिच्या मधोमध बसावं. पट्ट्याच्या अगदी तळाशी, ८७.५ ते ८८ च्या दरम्यानही, बहुधा मोकळं असतं. डबा तिथवर उतरत असेल तर सुरुवात तिथून करा.

एका शहरात रिकामा असलेला आकडा दुसऱ्या शहरात भरलेला असतो. मी गाडीच्या कागदपत्रांत एक चिठ्ठी ठेवतो. तिच्यावर प्रत्येक शहराचा एक आकडा आणि रस्त्यासाठी एक वेगळा लिहिलेला असतो. रेडिओच्या बटणांवरही तेच आकडे साठवून ठेवले आहेत.

७. आवाज कुठे वाढवायचा?

आवाजाची दोन बटणं आहेत, एक फोनला, एक रेडिओला. बहुतेक जण फोन पूर्ण वाढवतात, मग ढोलाच्या ठोक्याला आवाज फाटतो. आता कारण तुमच्या लक्षात येईल. आवाज मोठा म्हणजे लाटेचा झोका लांब. झोका पंचाहत्तर हजारांच्या अंगणाबाहेर गेला की भिंतीवर आपटतो, आणि आपल्याला तो फाटलेला ऐकू येतो. फोन अगदी कमी ठेवला तर झोका इतका आखूड होतो, की रेडिओचा आवाज वाढवताना खरखरही तेवढीच वाढते. फोन तीन-चतुर्थांशावर ठेवा, ढोल किंवा ताशा असलेलं गाणं लावा, फाटत असेल तर थोडं कमी करा. नंतर फोनला हात न लावता रेडिओनेच वाढवा-घटवा. डबा बंद करण्याआधी मात्र रेडिओ हळू करा, नाहीतर तीच खरखर पूर्ण जोराने कानावर येते.

अॅक्सिलरेटरबरोबर चढत जाणारी शिट्टी ऐकू येत असेल, तर ती फोनमधल्या गाण्यातून येत नाही. गाडीच्या अल्टरनेटरचा आवाज विजेच्या तारेतून डब्यात शिरतो. फोन त्याच डब्यावर चार्जिंगला लावला असेल तर काढून पाहा, बऱ्याचदा शिट्टी थांबते.

सगळं नीट जमवलं तरी हे गाणं तारेतून येणाऱ्या गाण्याची बरोबरी करत नाही. एफएममध्ये सेकंदाला पंधरा हजार कंपांच्या वरचे सूर पाठवतच नाहीत, त्यामुळे झांजांची चमक थोडी मंद होते. तुमच्या रेडिओला ऑक्स किंवा यूएसबीची जागा असेल, तर हा डबा घेऊ नका. पन्नास-शंभर रुपयांची तार जास्त चांगलं काम करते. ज्या रेडिओला अँटेनाखेरीज दुसरं दार नाही, त्याच्यासाठी हा डबा आहे, आणि तिथे तो खरोखर उपकार करतो.

८. "जास्त ताकदीचं मिळतं का?"

हा प्रश्न हमखास येतो. मिळतं. घेऊ नका.

ताकद कमी ठेवण्यामागे कारण आहे. ब्रिटनमध्ये तर ८ डिसेंबर २००६ पर्यंत हे छोटे डबे वापरणंसुद्धा बेकायदा होतं. आपल्याकडे परवान्याशिवाय रेडिओ केंद्र चालवणं गुन्हा आहे. बिहारमधल्या वैशाली जिल्ह्यात मन्सूरपूर गावी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने हाताने जुळवलेलं एफएम केंद्र चालवलं होतं. गावाला ते प्रिय होतं, तरी २००६ मध्ये ते बंद करावं लागलं. मला त्या तरुणाच्या कसबाचं कौतुक वाटतं, पण नियमामागचं कारणही खरं आहे. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथूनच विमानांचा पट्टा सुरू होतो. धुक्यात, पावसात धावपट्टीच्या मध्यरेषेवर उतरताना वैमानिक ज्या रेडिओ-इशाऱ्यावर विसंबतो, तो १०८ ते ११२ च्या दरम्यान असतो. ढिसाळ बनावटीच्या जोरदार डब्याची लाट ठरलेल्या आकड्यावर थांबत नाही, ती आजूबाजूला सांडते. म्हणून साधा, कमी ताकदीचा डबा घ्या आणि पाच मिनिटं खर्चून जागा शोधा.

ही पाच मिनिटं घराच्या दारात खर्च करा. आकडा, गाण्यांची यादी, फोनचा आवाज, सगळं गाडी उभी असताना लावून घ्या. वाटेत आकडा बदलायची वेळ आली, तर चिठ्ठी शेजारी बसलेल्याच्या हातात द्या. एकटेच असाल तर गाणं बंद करा आणि पुढच्या चहाच्या टपरीवर थांबून बदला. ताशी ऐंशीच्या वेगाने गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. आकडा शोधायला तीन सेकंद खाली पाहिलं, तर तेवढ्यात ती सहासष्ट मीटर पुढे गेलेली असते.